मधल्या सुट्टीचे शिक्षण

शाळा-कॉलेजच्या वेळापत्रकात जे छापलेले असते त्याहून, जे छापलेले नसते ते माणसाला अधिक काळ पुरते, असे मला वाटत आले आहे. दोन तासांमधली पाच मिनिटे, सर आले नाहीत म्हणून मोकळा मिळालेला तास, डबा खायची सुट्टी, एसटीची वाट पाहत स्टँडवर काढलेला अर्धा तास, प्रॅक्टिकलच्या आधी प्रयोगशाळेच्या दाराशी झालेली गर्दी. या वेळाला कुणी विषय म्हटले नाही आणि त्याची परीक्षाही घेतली नाही. पण अनोळखी मुलाशी बोलायला सुरुवात कशी करायची, थट्टा कुठे थांबवायची, रुसलेल्या मैत्रिणीला कसे मनवायचे, चारचौघांत आपले मत कसे मांडायचे आणि ते पडले तर कसे पचवायचे, हे सारे याच वेळात शिकून होत असे.

स्मार्टफोनने विद्यार्थ्यांचे काय नेले याचा हिशेब आपण बहुधा बुडालेल्या अभ्यासात, कमी झालेल्या झोपेत आणि वाढलेल्या चष्म्याच्या नंबरात मांडतो. हे नुकसान खरेच आहे. पण त्याआधी आणि त्याहून खोलवर फोनने हा मोकळा वेळ नेला आहे. आज कोणत्याही कॉलेजच्या व्हरांड्यात मधल्या सुट्टीत उभे राहा. मुले एकमेकांना खेटून बसलेली असतात, पण प्रत्येकाची मान खाली असते. मधूनच एकजण आपला फोन दुसऱ्यापुढे धरतो, दोघे हसतात आणि पुन्हा आपापल्या पडद्यात जातात. शेजारी बसलेल्याला रील पाठवली जाते आणि त्याचे उत्तरही फोनवरच येते. ही मुले एकलकोंडी नाहीत, माणूसघाणी तर मुळीच नाहीत. उलट दिवसभर ती कुणा ना कुणाच्या संपर्कात असतात. फक्त समोरासमोर बसून, हाती काही न धरता, विषय ठरलेला नसताना बोलण्याचा त्यांचा सराव दिवसेंदिवस घटत चालला आहे.

हे किती झपाट्याने घडले ते आठवून पाहायला हवे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि पाहता पाहता मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला की तो जपून वापरण्याची गरजच उरली नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्याआधी पालक मुलांच्या हातून फोन काढून घेत होते, आता शाळेनेच तो मुलांच्या हाती द्यायला सांगितले. महाराष्ट्रात ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासूनचे आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग पुन्हा भरू लागले. तोवर दीड वर्ष उलटून गेले होते. टाळेबंदीच्या वेळी जी मुले पाचवीत होती ती आता कनिष्ठ महाविद्यालयात पोहोचली आहेत. दहा ते बारा हे वय मैत्री जमवायला, भांडायला आणि भांडण मिटवायला शिकण्याचे. या मुलांचे ते वय चौकोनी चौकटींतल्या चेहऱ्यांसमोर, आवाज बंद ठेवून गेले. फोनमधून वर्ग भरला, पण मधली सुट्टी भरू शकली नाही.

पुढचे चित्र 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत दिसते. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. म्हणजे हा केवळ पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांतला प्रश्न उरलेला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तालुक्याच्या कॉलेजात येणाऱ्या मुलामुलींचाही तो तितकाच आहे.

यावर कुणी म्हणेल, बोलणे म्हणजे बोलणे, मग ते तोंडाने असो की अंगठ्याने. या म्हणण्याचा नीट विचार करू. तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जपानी, डॅनिश, लाओ अशा दहा भाषांमधली समोरासमोरची संभाषणे तपासली. एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचे उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी साधारण एक पंचमांश सेकंद जातो, असे त्यांना आढळले. इतक्या थोड्या वेळात वाक्य जुळवणे शक्य नसते. म्हणजे समोरचा बोलत असतानाच त्याचे बोलणे कुठे जाऊन थांबणार याचा अंदाज आपण घेत असतो आणि आपले उत्तर मनात तयार करत असतो. त्याच वेळी आपण त्याच्या भुवया, खांदे, आवाजातला चढउतार हेही पाहत-ऐकत असतो. उत्तराला जरा उशीर झाला तर त्या उशिराचाही अर्थ लावतो: हा नाही म्हणणार आहे, पण त्याला वाईट वाटते आहे. दोन माणसांनी मिळून चालवलेले हे फार नाजूक काम आहे. पोहायला जसे पाण्यात उतरूनच शिकावे लागते, तसे हेही माणसांत बसूनच शिकावे लागते.

फोनवरच्या संदेशांत नेमका हाच भाग गळून पडतो. तिथे लिहून पुसता येते, दोन मित्रांना विचारून उत्तर देता येते, निळ्या खुणा दिसूनही दिवसभर गप्प राहता येते. समोरचा दुखावला तर त्याचा चेहरा दिसत नाही. वाद नकोसा झाला की ग्रुप सोडता येतो, माणूस ब्लॉक करता येतो. या सोयी वाईट आहेत असे नाही. पण ज्याने नकार फक्त टाइप केला आहे, त्याला कुणाच्या डोळ्यांत पाहून 'मला हे जमणार नाही' म्हणणे जड जाते. ज्याचे प्रत्येक भांडण ब्लॉक करून संपले आहे, त्याला होस्टेलच्या एकाच खोलीत, न पटणाऱ्या मुलाबरोबर वर्ष काढताना काय करावे ते सुचत नाही. खोलीतल्या दिव्यावरून झालेली कुरबूर अशा वेळी बोलून मिटत नाही. ती स्टेटसमधून, तिसऱ्याकडे पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधून वाढत जाते. तोंडी परीक्षेला ज्ञान असूनही गडबडणारी, गटाने करायच्या प्रकल्पात सहकाऱ्याला त्याची कुचराई तोंडावर सांगू न शकणारी मुले पाहिली की वाटते, यांना बुद्धी कमी पडलेली नाही, सराव कमी पडला आहे.

आणि सराव मिळाला की फरक पडतो, ही यातली आशेची गोष्ट. अमेरिकेत याल्दा उल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहावीतल्या ५१ मुलांना पाच दिवसांच्या निसर्गशिबिरात पाहिले. तिथे कोणताही पडदा नव्हता. त्यांच्याच शाळेतली ५४ मुले त्या काळात नेहमीसारखी राहिली. चेहऱ्यावरून आणि हावभावांवरून भावना ओळखण्याची चाचणी दोन्ही गटांना आधी व नंतर दिली तेव्हा शिबिराला गेलेल्या मुलांची सुधारणा स्पष्टपणे अधिक होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान आहे. सुधारणा पडदा नसल्यामुळे झाली की मुले सतत एकत्र राहिल्यामुळे, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. पण माझ्या दृष्टीने त्या दोन गोष्टी वेगळ्या करायचीही गरज नाही. पडदा दूर झाला म्हणूनच ती मुले इतकी एकत्र राहू शकली.

मग मुले हे सोडून पडद्याकडे का वळतात? त्यांना माणसे नकोशी झाली म्हणून नव्हे. गप्पांमध्ये कंटाळवाणे पट्टे असतात. विषय संपतो, शांतता पसरते, काय बोलावे कळत नाही, अवघडल्यासारखे होते. पूर्वी या अवघडलेपणातून बाहेर पडायचा एकच रस्ता होता, आणि तो पुन्हा बोलण्यातूनच जात असे. कुणीतरी काहीतरी विचारी आणि कित्येकदा मनातली खरी गोष्ट त्या शांततेनंतरच बाहेर येई. आता त्याच क्षणी खिशात एक दुसरा रस्ता तयार असतो. तो रस्ता आपोआप झालेला नाही, तो बांधलेला आहे. पान कधीच संपू नये अशी अखंड सरकणारी रचना एझा रास्किन यांनी २००६ साली आखली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल त्यांनीच जाहीरपणे चिंता व्यक्त केली. फेसबुकवर 'लाइक'चे बटण २००९ साली आले आणि आपण इतरांना आवडतो की नाही हे आकड्यांत मोजता येऊ लागले. हजारो हुशार माणसे आपले कौशल्य पणाला लावून जी गोष्ट सोडवत नाही अशी करतात, तिच्यापुढे सतरा वर्षांच्या मुलाने केवळ मनोनिग्रहावर टिकाव धरावा ही अपेक्षा अन्यायाची आहे.

इथे दुसरी बाजूही पूर्ण वजनाने मांडली पाहिजे. ज्या कट्ट्याच्या आठवणीने आपण हळवे होतो, तो कट्टा कुणाचा होता? बऱ्याच गावांत आणि शहरांतही तो मुलांचा होता. मुलींनी तास संपला की सरळ घर गाठायचे असा दंडक होता, आणि पुष्कळ घरांत तो अजून आहे. कट्ट्यावर कोण बसणार, कुणाची थट्टा होणार, कुणाला नावाऐवजी जातीवरून हाक मारली जाणार, हेही ठरलेले असे. बोलण्यात अडखळणारा, गावाकडची बोली बोलणारा, वेगळा दिसणारा मुलगा तिथे टिकत नसे. अशा अनेकांना फोनने पहिल्यांदा आपल्यासारखी माणसे भेटवली. घराबाहेर पडू न शकणारी मुलगी फोनवरून मैत्रिणीशी मन मोकळे करते, स्पर्धा परीक्षेची माहिती मिळवते, नांदेड-लातूरहून पुण्याला आलेला मुलगा रोज आईचा चेहरा पाहतो. त्यातही समता नाहीच. 'असर'च्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. ज्या घरांत मुलीचा फोन तपासला जातो आणि मुलाचा नाही, तिथे 'फोनचे दुष्परिणाम' ही ओरड तिच्यावर नजर ठेवायचे निमित्त होऊ शकते. म्हणून जुने दिवस परत आणा असे मला म्हणायचे नाही. सगळ्यांना बसता येईल असा कट्टा आपल्याकडे अजून पुरेसा तयारच झालेला नाही. तो तयार होण्याआधीच मोडू नये एवढेच म्हणणे आहे.

कारण शाळा-कॉलेज ही आपल्या समाजात वेगवेगळ्या थरांतली माणसे रोज एकत्र येण्याची फार मोजकी ठिकाणे आहेत. घर जातीतले असते, वस्ती बहुधा ऐपतीप्रमाणे असते आणि फोनवरचा प्रवाह तर आपल्याच आवडीनिवडीचा असतो. मला जे पटते तेच तो मला पुन्हा पुन्हा दाखवतो. वर्गातल्या बाकावर मात्र शेजारी कोण बसेल हे माझ्या हाती नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाचा विचार मांडताना सांगितले होते की माणसे जवळजवळ राहतात एवढ्याने त्यांचा समाज बनत नाही. सारख्या चालीरीती असणेही त्याला पुरत नाही. त्यांच्यात संवाद हवा, एका कामात त्यांचा सामायिक वाटा हवा. लोकशाहीलाही ते राज्यकारभाराच्या पद्धतीपेक्षा अधिक, एकत्र जगण्याची रीत मानत होते. या कसोटीवर आजचा व्हरांडा तपासून पाहावा. एकाच बाकावरची चार मुले चार वेगळ्या प्रवाहांत असतील तर ती जवळ आहेत, पण एकत्र नाहीत. शेतमजुराचा मुलगा आणि डॉक्टरची मुलगी तीन वर्षे एका वर्गात बसून एकमेकांच्या घरची परिस्थिती न कळता पदवी घेऊन बाहेर पडतात, तेव्हा तोटा त्या दोघांपुरता राहत नाही.

आता उपायाकडे येऊ. आपल्याकडे उपाय म्हटला की उपदेश असतो: मुलांनो, फोन कमी वापरा, स्वतःवर ताबा ठेवा. हा उपदेश का फसतो हे शिकागो विद्यापीठातले लिओनार्दो बुर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०२३ च्या अभ्यासातून फार चांगले कळते. त्यांनी अमेरिकेतल्या हजाराहून अधिक कॉलेज विद्यार्थ्यांना विचारले, तुम्ही एकट्याने महिनाभर खाते बंद ठेवायचे तर किती पैसे घ्याल? टिकटॉकसाठी सरासरी उत्तर आले सुमारे ५९ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी ४७. मग विचारले, तुमच्या कॉलेजातल्या सगळ्यांनीच बंद ठेवले तर? आता पैसे घ्यायचे सोडून विद्यार्थी स्वतःच्या खिशातले पैसे द्यायला तयार झाले, टिकटॉकसाठी सुमारे २८ आणि इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर. याचा अर्थ सरळ आहे. अनेकांना यातून सुटायचे आहे, पण एकट्याने सुटणे म्हणजे एकटे पडणे. सगळे मान खाली घालून बसलेले असताना जो मान वर करतो, त्याला बोलायला कुणी सापडत नाही. तोही पुन्हा फोन काढतो. सगळ्यांनी मिळून घातलेला फास एकट्याच्या निश्चयाने सुटत नाही, तो सगळ्यांनी मिळूनच सोडवावा लागतो.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाला हे नेमके उमगले. टाळेबंदीनंतर शाळा भरल्या तरी मुलांच्या हातचा फोन सुटेना, तेव्हा सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने ऑगस्ट २०२२ मध्ये गावातल्या महिलांच्या सभेत एक निर्णय झाला. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत मोबाइल आणि टीव्ही बंद राहतील. साधारण तीन हजार वस्तीचे हे गाव. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी गेले आणि त्यांनी लोकांना समजावले. या प्रयोगातली मोलाची गोष्ट दीड तास ही नाही. भोंगा सगळ्यांसाठी वाजतो, हे मोलाचे आहे. मुलाला अभ्यासाला बसवून आई मालिका पाहत राहिली नाही. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला. हेतू तोच होता, पण नियम फक्त मुलांसाठी होता. मला वडगावची वाट अधिक न्यायाची वाटते. मोठ्यांनी फोन हातात धरून मुलांना फोन सोडायला सांगायचे, यात मुलांना आपला अधिकार तेवढा दिसतो, आपली कळकळ दिसत नाही.

फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून शाळांत फोन वापरायला मनाई केली, नेदरलँड्समध्ये जानेवारी २०२४ पासून वर्गात फोनला बंदी आली. शाळेपुरते असे नियम आपल्याकडेही उपयोगी पडतील. पण कॉलेजातल्या प्रौढ विद्यार्थ्यांसाठी बंदीपेक्षा संमतीने ठरवलेली सामायिक वेळ हाच मार्ग आहे. रोजची जेवणाची अर्ध्या-पाऊण तासाची सुट्टी, होस्टेलच्या मेसमधली रात्रीची पंगत, एवढ्या दोन जागा जरी विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवून फोनमुक्त केल्या तरी पुष्कळ झाले. ठरवणारे विद्यार्थी हवेत. प्राचार्यांचे परिपत्रक आले की पळवाट शोधली जाते, आपण घेतलेला निर्णय मोडताना मात्र मित्राकडे पाहावे लागते.

पण संस्थांचीही जबाबदारी आहे. आज तासाची खोली बदलली, परीक्षेची तारीख लागली, अर्जाची मुदत संपत आली, सगळे व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरच कळते, तेही रात्री अकराला. फोन बाजूला ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचे त्यात थेट नुकसान होते. कॉलेजने सूचनाफलक पुन्हा जिवंत करावा, सूचनांची वेळ ठरवून घ्यावी. वेळापत्रकात तास इतके ठासून भरू नयेत की बसायला वेळच राहणार नाही. मुलींसाठी आवारात निर्धास्तपणे बसता येईल अशा जागा हव्यात आणि तास संपल्यावर त्या तासभर थांबल्या तर घरच्यांनी तो वेळ वाया गेला असे मानू नये.

नुसता फोन काढून घेतला तर मोकळी जागा पडते, ती भरायला काही हवे. आपल्याकडे त्याची सामग्री भरपूर आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. तिच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात मुले एकत्र राहतात, श्रमदान करतात, स्वयंपाक करतात, भांडतात आणि शेवटच्या दिवशी रडत निरोप घेतात. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेसाठी महिना-महिना तालमी करणाऱ्या मुलांना विचारा. एकांकिकेत समोरच्याचे वाक्य खरेच ऐकल्याशिवाय आपले वाक्य म्हणता येत नाही, आणि प्रकाश सांभाळणाऱ्यापासून नायिकेपर्यंत सगळे एकमेकांवर अवलंबून असतात. ढोल-ताशा पथकात हात गुंतलेले असतात आणि नजर शेजाऱ्याच्या टिपरूवर असते. या ठिकाणी फोन नको असे कुणाला सांगावे लागत नाही. पण या संधी वर्गातल्या मोजक्या मुलांना मिळतात. त्या सगळ्यांना मिळाव्यात, त्यासाठी अनुदान, जागा आणि शिक्षकाचा वेळ मिळावा, ही मागणी ग्रंथालय किंवा प्रयोगशाळेच्या मागणीइतकीच रास्त आहे.

या पिढीला दोष देणे मला अनुचित वाटते. फोन त्यांच्या हाती आपणच दिला, तो सुटू नये असा मोठ्या माणसांनीच घडवला आणि त्यांच्यापुढे दिवसभर तो हातात धरून आपणच बसलो. त्यांना माणसांची ओढ आपल्याइतकीच आहे. उणीव आहे ती अवकाशाची, सगळ्यांनी मिळून पाळलेल्या वेळेची आणि ती वेळ पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांची. हे तिन्ही पुरवणे कोणत्याही घराच्या, वर्गाच्या किंवा ग्रामसभेच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, मोठा निधी लागत नाही. आपण स्वतः त्या वेळेला बांधील राहायला तयार आहोत का, एवढेच ठरवायचे आहे, आणि ते मुलांच्या आधी मोठ्यांनी ठरवायचे आहे.